लॅपटॉपवर वाय-फाय: सुरू कसं करायचं आणि अडलं तर कुठे बघायचं (कोकणातल्या घरांसाठी)

"नेट चालत नाही" असं कोणी सांगितलं की आधी एकच विचारावं: लॅपटॉप राउटरला जोडलेला आहे का? कारण वाय-फाय म्हणजे लॅपटॉप ते घरातला राउटर एवढाच बिनतारी तुकडा. राउटरच्या पुढे खांबांवरून आलेली फायबर, कंपनीचं केंद्र, तिथून बाहेरचं जग, हा सगळा वेगळा भाग. नळ कोरडा पडला की आपण आधी टाकीत डोकावतो, लगेच पाना घेऊन नळ खोलायला बसत नाही. इथेही तोच क्रम ठेवायचा.

नवीन माणूस फसतो तो नेमका इथे. झाड पडून लाईन तुटलेली असते शेजारच्या वाडीत, आणि इकडे घरात लॅपटॉपच्या सेटिंग्ज उलटसुलट होत असतात. संध्याकाळी लाईन जोडली जाते, सगळ्यांचे फोन चालू होतात, फक्त तो लॅपटॉप चालत नाही, कारण दुपारी त्यात भलतंच काहीतरी बदललेलं असतं. म्हणून या लेखात जे सांगतोय ते वरून खाली याच क्रमाने करा. मधली पायरी सोडून शेवटच्या उपायावर उडी मारू नका.

आधी चालू करू या

विंडोज ११ असेल तर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, स्पीकर आणि बॅटरीच्या खुणांवर क्लिक करा. कीबोर्डवरून विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबलं तरी चालतं. एक छोटी चौकट उघडते. त्यात पंख्यासारखी वाय-फायची खूण असते. ती रंगीत असेल तर वाय-फाय चालू, फिकी असेल तर बंद. तिच्या शेजारच्या बाणावर क्लिक केलं की आसपासच्या नेटवर्कची यादी येते. आपलं नाव निवडा, "कनेक्ट" करा, पासवर्ड घाला. घरचं नेटवर्क असेल तर "कनेक्ट ऑटोमॅटिकली" वर खूण करून ठेवा.

विंडोज १० मध्ये कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या खुणेवर क्लिक केलं की यादी थेटच येते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. वाय-फाय त्यावर आजही चालतं, पण बँकेची कामं करत असाल तर लॅपटॉप ११ वर जातो का ते एकदा बघून घ्या. मॅकमध्ये वरच्या पट्टीत उजवीकडे तीच पंख्याची खूण असते.

पासवर्ड राउटरच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. बसवायला आलेल्या मुलाने तो बदलला असेल तर त्यानेच कुठेतरी लिहून दिलेला असतो, बहुतेक वेळा कनेक्शनच्या पावतीवर. मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी लागतात. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत गफलत फार होते. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याची खूण असते, ती दाबून आपण काय टाइप केलंय ते बघून मगच पुढे जा. पासवर्ड कुणालाच आठवत नसेल आणि घरातला एखादा अँड्रॉइड फोन आधीपासून जोडलेला असेल, तर त्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये "शेअर" करून पाहा. चौकोनी कोड येतो आणि बऱ्याच फोनांत त्याच्याखाली पासवर्डही वाचता येतो.

वाय-फायचं बटणच सापडत नाही

कोपऱ्यात पंख्याऐवजी विमान दिसत असेल तर एअरप्लेन मोड चालू झाला आहे. तो बंद करा. हे बहुधा चुकून दाबलेल्या बटणामुळे होतं. बऱ्याच लॅपटॉपच्या वरच्या रांगेत, एफ१ ते एफ१२ पैकी एका बटणावर, विमानाचं किंवा मनोऱ्याचं छोटं चित्र असतं. कुठे ते एफ२ वर, कुठे एफ८ वर, कुठे एफ१२ वर. ते बटण एकदा नुसतं दाबून पाहा, नाहीतर डाव्या खालच्या कोपऱ्यातलं एफएन धरून दाबा. जुन्या लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायची खरीखुरी कळ असे. दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीन असेल तर कडेवरून बोट फिरवून बघाच.

हे करूनही पंखा दिसत नसेल तर लॅपटॉप "रीस्टार्ट" करा. "शट डाउन" करून पुन्हा चालू करणं आणि "रीस्टार्ट" यांत फरक आहे. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते, तिच्यामुळे शट डाउन केल्यावरही विंडोजचा आतला भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि अडकलेला वाय-फाय अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा. उरलेली वीज निघून गेली की नाहीसं झालेलं वाय-फाय कार्ड अनेकदा परत दिसायला लागतं.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत सापडतो. त्यात "नेटवर्क अडॅप्टर्स" उघडा. इंटेल, रिअलटेक, क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांपैकी एक नाव, पुढे वायरलेस किंवा वाय-फाय असं लिहिलेलं दिसेल. त्यावर खाली तोंड केलेला बाण असेल तर कार्ड बंद केलेलं आहे, उजवी क्लिक करून "एनेबल" करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गडबड आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल शोधून तिथलाच ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करून देतो" म्हणणारी सॉफ्टवेअर मुळीच घालू नका.

आता वाय-फाय चालत नसताना ड्रायव्हर उतरवायचा कसा? फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर "यूएसबी टिदरिंग" चालू करा. फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपवर येतं, त्याला वाय-फाय कार्ड लागत नाही. वायर मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. ही एक युक्ती लक्षात ठेवली तर लॅपटॉप उचलून चिपळूण किंवा कणकवलीच्या दुकानात नेण्याच्या बऱ्याच खेपा वाचतात.

नाव दिसतं, पण जोडत नाही

बहुतेक वेळा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉपच्या डोक्यात जुनाच बसलेला असतो. राउटर बदलला, पण जुनं नाव तसंच ठेवलं, तर हे हमखास होतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये "मॅनेज नोन नेटवर्क्स" मध्ये जा, आपल्या नावापुढे "फर्गेट" करा, आणि नव्याने जोडा.

फोनला दोन नावं दिसतात आणि लॅपटॉपला एकच, असं असेल तर काही बिघडलेलं नाही. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या, स्वस्त लॅपटॉपना ५ ची पट्टी ऐकूच येत नाही. त्यांना २.४ वर जोडा.

जोडलंय, पण "नो इंटरनेट" म्हणतं

इथे थांबा आणि घरातला फोन हातात घ्या. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय चालू ठेवा, आणि कुठलीतरी बातमीची साइट उघडून पाहा. डेटा बंद करायला विसरलात तर फोन गुपचूप सिमवरचं नेट वापरतो आणि तुम्हाला वाटतं वाय-फाय चालू आहे. या एका तपासणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फोनवरही चालत नाही? मग लॅपटॉपला हात लावू नका. राउटरकडे जा. फायबर जिथे येते त्या डब्यावर दिवे असतात. "पॉन" (PON) लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. "लॉस" (LOS) लिहिलेला दिवा लाल पेटला किंवा लुकलुकला तर फायबरमधून प्रकाश येतच नाही, म्हणजे लाईन कुठेतरी तुटली किंवा दबली आहे. आधी घरातली पातळ वायर बघा. ती आतून काचेची असते. खिळ्याभोवती घट्ट वळवलेली, कपाटामागे चेपलेली, घुशीने कुरतडलेली असेल तर तिथेच दोष सापडतो. मोकळं, मोठं वळण ठेवा. वायर डब्यातून उपसून तिच्या टोकात डोळा लावून मात्र बघायचं नाही. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. टोक कापडाने पुसायचंही नाही. घराबाहेर बघायचं तर खांबापासून छपरापर्यंत नजर टाका. आमच्याकडे वानर केबलवरून उड्या मारतात, माडाची झावळी पडते, वाऱ्यात फांदी घासते. तुटलेली दिसली तरी ओढू नका, त्याच खांबावर विजेची तारही असते.

लॉस लाल नाही, पॉन हिरवा आहे, तरीही कुणाकडेच नेट नाही, असं असेल तर डबा आणि राउटर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी फायबरचा डबा लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर लावा. राउटरच्या मागचं बारीक छिद्रातलं रीसेटचं बटण टाचणीने दाबू नका. त्याने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत काहीच चालत नाही.

फोनवर चालतंय आणि लॅपटॉपवरच नाही? मग दोष नक्की लॅपटॉपात आहे. आधी घड्याळ बघा. घर महिनोन्महिने बंद राहतं, लॅपटॉप कपाटात पडून असतो, बॅटरी पूर्ण उतरते, आतली छोटी बॅटरीही संपलेली असते, आणि तारीख काही वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र पटवू शकत नाहीत आणि ब्राउझर "कनेक्शन खाजगी नाही" असं बजावतो. तारीख-वेळ दुरुस्त करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

दुसरं, मुंबई-पुण्याहून आणलेला ऑफिसचा लॅपटॉप. त्यात ऑफिसचं व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (नेट ऑफिसमार्गे फिरवणाऱ्या सोयी) चालू राहिलेली असते. सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट" खाली दोन्ही सापडतात. बंद करून पाहा. मशीन ऑफिसचं असेल तर त्यांच्या माणसाला विचारूनच.

तिसरं, लॅपटॉपला मिळालेला पत्ता. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कचे "प्रॉपर्टीज" उघडा, खाली "आयपीव्ही४ ॲड्रेस" दिसेल. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक घेऊन टाकला आहे. त्याच पानावर "आयपी असाइनमेंट" समोर "ऑटोमॅटिक" आहे ना बघा, नसेल तर करा, आणि पुन्हा जोडा.

पत्ता बरोबर आहे, व्हॉट्सॲप चालतं पण साइट उघडत नाहीत, असं दिसलं तर डीएनएस तपासा. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी ती सोय. त्याच पानावर "डीएनएस सर्व्हर असाइनमेंट" मध्ये "मॅन्युअल" करून आयपीव्ही४ खाली ८.८.८.८ आणि ८.८.४.४ भरा (इंग्रजी आकड्यांत). हे गूगलचे आहेत. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हाही चालतो.

एवढं सगळं करून थकलात तरच "नेटवर्क रीसेट". त्याने सगळी साठवलेली नेटवर्क आणि पासवर्ड पुसले जातात, लॅपटॉप पाच मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होतो. आधी पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

हळू चालतं: चिऱ्याच्या भिंती

कोकणातल्या घरात ही तक्रार सर्वांत जास्त, आणि तिचं कारण बरेचदा भिंत असते. जांभ्याच्या चिऱ्याची जुनी भिंत फूटभर तरी जाड असते. पावसाळ्यात ती ओल धरते, आणि पाणी या लहरी शोषतं. शहरातल्या फ्लॅटच्या पातळ भिंतींतून तीन खोल्या ओलांडणारा राउटर इथे एका भिंतीतच दमतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असते, पण भिंतीत लवकर विरते. २.४ हळू, पण लांब जाते. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५, आणि माजघराच्या पलीकडे २.४, असा साधा नियम ठेवा.

बसवणारी मुलं राउटर नेहमी ओटीवर, वायर जिथून आत येते तिथेच ठोकतात, कारण वायर वाचते. तिथून अर्ध्या लहरी अंगणात जातात. त्यांना आधीच सांगा की राउटर घराच्या मध्यावर हवा. जुन्या घरात लाकडी माळा असेल तर माजघराच्या वर, तुळईला टेकवून ठेवलेला राउटर उत्तम काम करतो. लाकूड आणि कौलं लहरींना फारशी अडवत नाहीत, त्यामुळे भिंतींना वळसा घालून त्या वरून खाली उतरतात. कौलांना चिकटवून मात्र ठेवू नका, मे महिन्यात तिथे राउटर तापून बंद पडतो. पत्र्याचं छप्पर वेगळं. धातू लहरी परतवतो, म्हणून पत्र्याच्या पडवीत बसलेल्या माणसाला घरातला राउटर वरच्या बाजूने पोहोचत नाही, उघड्या दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत आणावा लागतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्या मागे राउटर ठेवू नये. मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्टीत चालतो, तो सुरू असताना शेजारचं नेट अडखळलं तर नवल नाही.

परसदारच्या खोलीपर्यंत पोहोचवायचंच असेल तर रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे फेकणारा डबा) विकत घेण्याआधी लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, वायरीचा विचार करा. वायर शंभर मीटरपर्यंत नीट चालते. दुसऱ्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वाय-फायवर देणारा) करून लावला की पूर्ण वेग मिळतो. स्वस्त रिपीटर बहुधा निम्मा वेग खातो. तरी तोच घ्यायचा असेल तर जिथे नेट अजून चांगलं येतं अशा मधल्या जागी लावा. नेट नसलेल्या खोलीत लावला तर त्याच्याकडे पुढे द्यायला काहीच नसतं.

मालवण-तारकर्लीसारख्या ठिकाणी होमस्टे एकमेकांना खेटून असतात आणि प्रत्येकाचा राउटर २.४ वर ओरडत असतो. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (त्या पट्टीतला कप्पा) १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्याने न घेतलेला निवडा. पाहुण्यांना "गेस्ट नेटवर्क" वेगळं द्या. तुमचा हिशेब ज्या लॅपटॉपवर आहे त्याच नेटवर्कवर अनोळखी माणसाचा फोन नको. राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हा प्रकार निवडलेला असू द्या.

गणपतीत घर भरतं, पंधरा-वीस फोन एका राउटरवर येतात, आरतीचे व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात आणि लॅपटॉपवरची मीटिंग थांबते. त्या आठवड्यात सेटिंग्ज चाळण्यापेक्षा लॅपटॉप वायरीने थेट राउटरला जोडा.

फोनच्या हॉटस्पॉटवर

फायबर नसलेल्या वाड्यांत हाच आधार. रेंज खिडकीत येते, पण तिथे बसून काम होत नाही, अशी अडचण असते. मग फोन तिथेच ठेवा, माडीवरच्या खिडकीत किंवा सड्याकडच्या बाजूला, सावलीत आणि पागोळ्यांपासून दूर. तुम्ही आत बसा. फोन ते लॅपटॉप हे अंतर हॉटस्पॉट सहज भरून काढतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसत नसेल तर फोनमध्ये त्याची पट्टी २.४ करा. आयफोनमध्ये "मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी" चालू करा.

जोडल्यावर लगेच लॅपटॉपमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. नाहीतर विंडोज आपले मोठाले अपडेट उतरवतं आणि दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपतो.

पावसाळ्याआधी

फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते. मिरगाच्या आधीचे आणि परतीचे गडगडाट सुरू झाले की अडॅप्टर प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. घर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये उघड्यावरून लॅनची तांब्याची वायर टाकली असेल तर तीही दोन्हीकडून काढा.

लाईट गेली तरी फायबर चालू असू शकते. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढेच देणारा घ्या. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. कपाटातल्या लॅपटॉपला बुरशी आणि खारी हवा दोन्ही खातात, म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस नव्हते. सीईटीचे फॉर्म, विम्याचे कागद, सातबारा हे शेवटच्या तारखेवर ठेवू नका, आणि त्यांच्या प्रती पेनड्राइव्हवरही असू द्या.

तक्रार करताना

"नेट बंद आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा राउटर बंद-चालू करायला सांगतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी असं सांगा: लॉसचा दिवा लाल आहे की नाही, पॉनचा काय रंग आहे, कधीपासून, डबा एकदा बंद-चालू करून झाला आहे, फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर चालत नाही, आणि शेजारच्या घरी त्याच कंपनीचं नेट चालू आहे का. शेजारीही बंद असेल तर दोष मुख्य लाईनवर आहे आणि तक्रार दोन्ही घरांतून गेली पाहिजे. वाटेत झाड पडलेलं किंवा केबल लोंबताना दिसली असेल तर ती जागा ओळखीच्या खुणेसह सांगा, साकवाजवळ, देवळाच्या मागे, अमुक खांबावर. लाईनवरच्या माणसाला त्या एका खुणेने पावसातली तासाभराची पायपीट वाचते. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.